पिवळी जर्सी आणि मी

मंगळवार, ७ जानेवारी
बाहेर उणे तीस. आइस हॉकीचा सराव. त्यानंतर नव्या तारास वोव्कने मांडीवरचा काळानिळा डाग दाखवला आणि सगळी टीम बघायला गोळा. आमच्याकडे पद्धतच आहे, ज्याचा डाग सर्वांत मोठा त्याला पहिली बिअर. माझ्या अंगावर ओरखडाही नाही. मी इतका चपळ, की कुणी माझ्यापर्यंत पोचतच नाही. एकेचाळिसाव्या वर्षी! पण कौतुक डागांचं.
अठराला शेजारच्या गावाशी मॅच. बचावफळीत एकच जागा मोकळी आहे. ती अर्थात माझी. तारास उगाच आशेवर आहे.

बुधवार, ८ जानेवारी
चर्चच्या हॉलमध्ये पिरोगींचं, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं जेवण. तारास लंगडत आला. ग्लेंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला खुर्ची दिली, पिरोगींवर जास्तीचा परतलेला कांदा घातला आणि वर "बिचारा" म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी बिचारा म्हणालेली नाही. मीही जरा लंगडून पाहिलं. म्हणाली, बूट चावतोय का?
मी जळत वगैरे नाही. नोंद म्हणून लिहिलं.

गुरुवार, ९ जानेवारी
अर्ध्या रिंकवर तीन विरुद्ध तीन, धक्काबुक्कीसकट. थोड्याच वेळात तारास धापा टाकायला लागला. आमचे कोच ओरेस्ट म्हणाले, नुसत्या स्केटिंगपेक्षा धडकाधडकीने माणूस लवकर दमतो, आणि दुसऱ्या दिवशी खांदे-छाती भरून येतात. मी अजिबात दमलो नाही. माझ्याशी कुणी धडकलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.

शुक्रवार, १० जानेवारी
पाठ आखडली. मोजे ग्लेंडाने चढवले. थंडी, दुसरं काय.

मंगळवार, १४ जानेवारी
ओरेस्टनी मला पिवळी जर्सी दिली. पिवळी म्हणजे या माणसाला सरावात धक्का मारायचा नाही. दुखापतवाल्यांना देतात. मला तर काही झालेलं नाही. म्हणजे हुकमी एक्का मॅचसाठी राखून ठेवलाय. छाती फुगली.

तोच दिवस, संध्याकाळी
छाती बसली. सरावात तारास पूर्ण वेगाने आला, पिवळी दिसताच बाजूला झाला आणि म्हणाला, "या काका, तुम्ही आधी." सगळे हसले. गोलकीपरसुद्धा. म्हातारा ठरवलं मला! जागा त्यालाच देणार, दिसतंच आहे. घरी ग्लेंडाला सांगितलं, तर म्हणते, किती सभ्य आहे रे तो.
संकल्प: गुरुवारी पिवळी घालायची नाही. डाग मिळवायचा. तारासपेक्षा मोठा.

गुरुवार, १६ जानेवारी
पिवळी गाडीत राहिली (ठेवली). जादाची निळी चढवली. हेल्मेटमध्ये कोण ओळखतंय? तारासने ओळखलं नाहीच. मला कडेच्या फळीवर असा चेपला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्याने हेल्मेटच्या आत बघितलं आणि पांढराफटक पडला. काका, तुम्ही? पिवळी कुठंय तुमची?
डाग काखेपासून कमरेपर्यंत. टीममध्ये आजवरचा सर्वांत मोठा, असं गोलकीपर म्हणाला. पहिली बिअर माझी. गिळवेना, म्हणून तारासला दिली. ओरेस्ट बघायला आले नाहीत. जळत असतील.

शुक्रवार, १७ जानेवारी
बरगडीला चीर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बर्फावर पाय ठेवायचा नाही.
ओरेस्टचा फोन. मला वाटलं चौकशीचा. म्हणाले, अरे, पोरांना मार लागला तर दोन दिवसांत अंग मोकळं होतं, तुला आठवडा लागतो. जागा तुझीच होती. अख्खा शाबूत राहावास म्हणून पिवळी दिली होती, गाढवा.
म्हणजे मंगळवारी माझी छाती फुगली तेच बरोबर होतं. माझ्या बाबतीत माझा पहिला अंदाज कधी चुकत नाही, हे यापुढे लक्षात ठेवायचं. फोन ठेवल्यावर थोडं रडू आलं. रडलं की बरगडी दुखते. थांबवलं.

शनिवार, १८ जानेवारी
मॅच. मी स्टँडमध्ये ग्लेंडाशेजारी, गुडघ्यांवर घोंगडी. माझ्या जागेवर तारास. फार काही खास खेळला नाही.
जिंकलो. शेवटच्या मिनिटाला होणारा गोल त्याने अडवला. सगळं गाव उभं राहिलं, ग्लेंडाही. मला उठता येईना, तेव्हा तिने काखेत हात घालून उठवलं आणि म्हणाली, "ये रे, बिचाऱ्या."
किती वाट पाहिली होती या शब्दाची. पण बोलताना ती बघत होती तारासकडे.