अनवधानाने

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला आता गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे. आम्ही इकडे मजेत. तुम्ही सगळेही मजेत असाल असं धरून चालते. खरं तर असं काहीही धरून चालायचं नाही हे मला हल्ली रोज शिकवतात, ते पुढे येईलच.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उघडशील की तसंच केरात टाकशील, ठाऊक नाही. बोलणं मी थांबवलं होतं, तू नाही. का थांबवलं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते लिहायचा धीर आज होत नाही. आज नुसती बातमी लिहिते.

बातमी अशी, की तुझ्या बारकीला सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली! आमचं साप्ताहिक बंद पडलं आणि तिथली माझी मुद्रितशोधनाची नोकरी गेली, तेव्हापासून दीड वर्ष मी घरी बसून औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचनांतल्या चुका काढत होते. नवरा म्हणाला, "बाई गं, कुठेतरी जा, नाहीतर उद्या माझ्या बोलण्यात लाल रेघा मारशील." मग एक जाहिरात दिसली. सायबर गुप्तवार्ता विश्लेषक पाहिजे. बारकाईने वाचता आलं पाहिजे, नेमकं लिहिता आलं पाहिजे, बाकीचं आम्ही शिकवू. म्हटलं, पहिल्या दोन गोष्टी तर आपण जन्मभर केल्या.

नावावरून पिस्तूल वगैरे डोळ्यांपुढे आणू नकोस. इंटरनेटवरून कोण कुठल्या दवाखान्याच्या, शाळेच्या, कारखान्याच्या संगणकांत घुसायच्या तयारीत आहे ते आधी हेरायचं आणि ज्यांना धोका आहे त्यांना वेळेत सावध करायचं. एक खुर्ची, दोन पडदे आणि ढीगभर वाचन.

मुलाखतीत माझ्यापुढे चार पानं ठेवली. एका कचेरीच्या संगणकात कोण कधी शिरलं याच्या नुसत्या नोंदी. तारीख, वेळ, गाव. "यात काही खटकतंय?" मी सवयीप्रमाणे ओळीवर बोट ठेवून वाचत गेले आणि अकराव्या मिनिटाला म्हटलं, "हे गृहस्थ सव्वादहाला एका गावातून आत आलेत आणि दहा वीसला तीनशे मैलांवरच्या दुसऱ्या गावातून. एक माणूस एका वेळी दोन गावांत कसा असेल?" समोरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, झाली आपली शोभा. तर म्हणे, सोमवारपासून या.

पहिला महिना मात्र माझी पार दाणादाण उडाली. संगणक एकमेकांशी बोलतात कसे, हे शिकवणारा माझ्याच वयाचा एक गृहस्थ आहे. त्याच्या खिशातून सदा एखादी वायर डोकावत असते, म्हणून तो वायरवाला. तो म्हणतो, "घराला दारं किती ते माहीत नसेल तर चोर कुठून आला ते काय डोंबल कळणार?" म्हणून आधी सगळी दारं शिकले. मग थोडं प्रोग्रामिंग. दहा हजार ओळींतून पुन्हापुन्हा येणारा एकच पत्ता हुडकणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, ताई! तो चालला तेव्हा मी जागेवरच टाळ्या पिटल्या आणि अख्खा मजला माना वळवून बघायला लागला.

आणि आमच्या मुख्य मॅडम. त्यांचं पाठीमागचं नाव शंकासुर. कोणी काही ठाम बोललं की त्या चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कशावरून?" आमच्या प्रत्येक अहवालात निष्कर्षाबरोबर खात्री किती तेही लिहावं लागतं, कमी, मध्यम की जास्त. मला आजवर बरोबर आणि चूक एवढंच ठाऊक. परवा नवरा म्हणाला, दूध संपलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" त्याने रिकामं पातेलंच माझ्यापुढे आणून आपटलं.

मी खूप आनंदात आहे, ताई. आणि एवढा आनंद झाल्यावर सांगावंसं पहिलं वाटलं ते तुला. आणखीही एक सांगायचं आहे. ते मी पुढे ढकलते आहे हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तुझी,
बारकी

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. यावरून तू रागावली आहेस असा निष्कर्ष मी काढलेला नाही. पत्र टपालात हरवलं असेल, तू गावाला गेली असशील, पेन सापडत नसेल. बघ, सुधारले की नाही?

आधी माझी फजिती ऐक. एका दवाखान्यातल्या लोकांना आठवड्यात तीन खोट्या मेल आल्या. नावं तीन वेगवेगळी, मागणी एकच, तुमचा पासवर्ड इथे भरा. मी बघते तर तिन्हींत "त्वरित"मधला रि दीर्घ आणि पूर्णविरामाच्या आधी एक मोकळी जागा. मी ऐटीत जाहीर केलं, "हे एकाच माणसाचं काम. खात्री जास्त."

चष्मा कपाळावर. "कशावरून?"

"मॅडम, पंचवीस वर्षं चुका वाचल्यात. चुकीवरून माणूस ओळखते मी."

"ही चूक आणखी कोण कोण करतं, ते मोजलंत?"

मोजलं नव्हतं. दिवसभर बसून जुन्या मेल उपसल्या. तोच दीर्घ री आणि तीच मोकळी जागा चाळीस ठिकाणी सापडली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या टोळ्यांकडे. तो एक तयार मसुदा होता, चोरांच्या बाजारात मागेल त्याला मिळणारा. माझ्या एका चोराचे संध्याकाळपर्यंत चाळीस झाले. वायरवाला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, मी तर एकदा आमच्याच प्रिंटरला हल्लेखोर ठरवलं होतं."

त्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा नवशिक्यांच्या वर्गाला अभ्यास दिला. आयुष्यातली एखादी जुनी, पक्की खात्री घ्या. कागदाच्या डाव्या बाजूला जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहा, उजव्या बाजूला जे मनाने जोडलं ते. आणि आपल्याला धार्जिणा पुरावा शोधू नका, आपल्याला खोटं पाडील असा शोधा.

ताई, मी तुला घेतलं.

आता लिहितेच. नऊ वर्षांपूर्वी आमच्या संपादकांना एक निनावी पत्र आलं. टाइप केलेलं. ११ मार्चच्या अंकातल्या माझ्या तेरा चुका त्यात क्रमाने मांडल्या होत्या. मुख्य मुद्रितशोधकाची जागा त्या महिन्यात मला मिळायची होती, ती हुकली. आणि त्या पत्रात एक शब्द होता, "अनावधानाने". खरा शब्द अनवधानाने. तो जास्तीचा काना तू शाळेपासून देत आलीस. त्याच जानेवारीत तुझं लेकीच्या साखरपुड्याचं पत्र मी लाल शाईने तपासून तुला परत पाठवलं होतं, या शब्दाभोवती तीन गोल काढून. मला वाटलं होतं, गंमत. म्हणजे तुझ्याकडे कारण होतं. पाकिटावर शिक्काही तुझ्याच गावचा. तीन धागे जुळले आणि मी फोन उचलला.

"तुला माझं चांगलं बघवतच नाही," असं म्हणाले मी. आणखीही बरंच. तू किती तरी वेळ काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, "तुला तसं वाटतं ना? राहू दे मग." आणि फोन ठेवलास. ते गप्प बसणं मी कबुली समजले. तुझ्या लेकीच्या लग्नाला तिची एकुलती एक मावशी आली नाही.

अभ्यासाच्या निमित्ताने मी दुसऱ्या दिवशी वर्गाला दहा शब्दांचं शुद्धलेखन घातलं. बावीस जणांपैकी अठरा जणांनी तो काना दिला. वायरवाल्याने तर दोन दिले. मॅडमनीही दिला, आणि वर मलाच विचारलं, "हे चूक आहे कशावरून?" सगळा वर्ग हसत होता. मीही हसले आणि मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. तुझी म्हणून जी चूक मी नऊ वर्षं उराशी धरली होती, ती निम्म्याहून जास्त जगाची निघाली.

मग कपाटातून ते पाकीट काढलं. होय, ठेवलं होतं. शिक्क्यावर तारीख १२ मार्च. मी तेव्हा फक्त गावाचं नाव वाचलं, तारीख वाचलीच नव्हती. जिने उभा जन्म तारखा तपासल्या, तिने. त्याच कपाटात, दोन बोटांच्या अंतरावर, माझ्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेची फाइल. १० मार्चला मी दवाखान्यात, १४ला घरी. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या रकान्यात रोज एक सही. दहा, अकरा, बारा, तेरा. चारही तुझ्या.

११ला अंक निघाला, १२ला तुझ्या गावात पत्र पेटीत पडलं आणि त्या चारही दिवशी तू इथे माझ्या पलंगाशी तस्त धरून उभी होतीस. मुलाखतीत जे अकराव्या मिनिटाला दिसलं ते मला घरात नऊ वर्षं दिसलं नाही. आणि त्या तेरा चुका? ती मुद्रितं मी पोट धरून वाचली होती. चुका माझ्याच होत्या. पोटात कळा येत असताना "मी वाचते, मला काही होत नाही" म्हणणारीही मीच.

तर निष्कर्ष. पत्र तू लिहिलं नाहीस. खात्री जास्त, याहून वरची पायरी नाही म्हणून. कोणी लिहिलं? माहीत नाही. हे दोन शब्द लिहिताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

कागद मॅडमना दिला. त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा उतरवला आणि म्हणाल्या, "काम चोख आहे. पण हे माझ्याकडे कशाला? ज्याला गरज आहे त्याच्या हाती पडला नाही तर अहवाल म्हणजे रद्दी. जिच्याबद्दल आहे तिला पाठवा."

म्हणून हे पाठवते आहे. काल मला नोकरीत कायमही केलं, पण ती बातमी या पत्रात दुय्यम. ताई, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला आणि नऊ वर्षं ताठ मानेने मिरवला. लेकीच्या लग्नात तुला माझी वाट बघायला लावली. मला क्षमा कर. करायची नसेल तर तसं लिही, पण चार ओळी लिही.

तुझीच,
बारकी

२७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. टपालबिपाल काही हरवलं नव्हतं आणि पेनही जागेवर होतं. मी रागावलेच होते. तेव्हा पुढच्या वेळी सरळ धरून चाल.

दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा तुझ्या भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते प्रिंटरपाशी खो खो हसले आणि चार सह्यांपाशी उठून उगाचच खिडकी लावायला गेले. नोकरीचं ऐकून ऊर भरून आला. तू लहानपणी पाहुण्यांच्या चपलांवरून कोण आलंय ते ओळखायचीस, ते कुठेतरी कामी यायचंच होतं.

पण तुझ्या अहवालात एक गोष्ट राहिली. मी गप्प का बसले, ते तू शोधलं नाहीस. भल्या बाईसारखी सोसत होते असं तुला वाटत असेल, तर तेवढं खोड.

तू फोनवर त्या पत्राचं सांगायला लागलीस, तेरा चुका म्हणालीस, तेव्हा तू मला बोल लावायच्या आधी मला आनंद झाला. अगदी घोटभर, पण झाला. मनात आलं, बरी जिरली. साखरपुड्याचं ते पत्र मी दोन दिवस बसून लिहिलं होतं गं, आणि तू ते लाल करून पाठवलंस. तुझ्या आजारपणात धावत आले तेव्हाही ते मनातून गेलं नव्हतं. निनावी पत्र मी लिहिलं नव्हतं, पण ज्याने लिहिलं त्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली होती. मग "मी नाही लिहिलं" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शब्द खरे असते, पण मी खरी नसते. नंतर फोन करायचं ठरवलं. मग वर्ष गेलं, दोन गेली, आणि पुढे पुढे फोनकडे बघायचीही लाज वाटायला लागली.

तेव्हा सगळी क्षमा एकटीने मागू नकोस. निम्मी माझी आहे.

आता महत्त्वाचं. लेकीला चार वर्षांची मुलगी आहे, हे तुला कोणी सांगितलं नसेल. सध्या दोघी इकडेच आहेत. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिला सांगितलं, तुला आणखी एक आजी आहे. तिने विचारलं, "मग ती इतके दिवस होती कुठे?" मी म्हटलं, ती शनिवारी येणार आहे, तिलाच विचार. तेव्हापासून रोज सकाळी उठून शनिवार झाला का म्हणून विचारते आहे.

ये.

तुझी वाट बघणारी,
ताई