काळ्या नाकाची गाडी

३ फेब्रुवारी, रविवार

आणली! अखेर आणली. ट्रकवरून उतरल्यावर एक चाक रुसून बसलं. नवरा, मी आणि ट्रकवाला, तिघांनी ढकलत ढकलत मागच्या गॅरेजमध्ये घातली. दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल. म्हणजे कधी काळी लाल.

आईच्या गाडीचंच मॉडेल, फक्त नंतरच्या वर्षांतलं. कंपनीने पुढे पुढे तिची पार रया घालवली. चकचकीत बंपर काढून पुढेमागे जाडजूड काळं रबर बसवलं, वर गाडीची उंची वाढवली. हॉलमधल्या फोटोतली गाडी कशी नाकीडोळी नीटस! आणि हिला बघावं तर नाक डांबरात बुडवून आल्यासारखी.

तो फोटो मी जन्मापासून बघतेय. आई पंचविशीतली, बॉनेटला टेकून उभी, डोक्याला रुमाल, इतकी हसतेय की डोळे मिटलेत. बाबा आल्यागेल्याला दाखवायचे – "ही हिची गाडी. दोघांपुरती होती. मग ही तिसरी आली आणि गाडी गेली." तिसरी म्हणजे मी. बाबा गमतीने म्हणायचे, सगळे हसायचे. मला त्यात कधीच गंमत वाटली नाही.

बाबा गेले, मग वर्षभराने आई जिन्यात पडली. हाड केव्हाच जुळलं. डॉक्टर म्हणतात चाला, फिरा, तुमचे डोळे आमच्यापेक्षा चांगले आहेत. पण आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. "बाहेर काय ठेवलंय?" म्हणते.

बरं. बाहेर काय ठेवायचं ते मी ठेवते. २० एप्रिलला तिला पंचाहत्तर पूर्ण होतील. तोवर ही गाडी हुबेहूब फोटोतल्यासारखी करायची आणि तिला त्यात बसवून बाहेर काढायचं. बास.

६ फेब्रुवारी

लॅबमध्ये दिवसभर दाताच्या टोप्या घासल्या. माझं कामच हे – नवा दात असा करायचा की शेजारच्या जुन्यालाही कळू नये. मग एका गाडीचं काय घेऊन बसलात!

नवरा म्हणाला, "तू गाडीला म्हातारी करतेयस आणि मी केसांना कलप लावतोय. घरात कुणीतरी खरं वय सांगा." चावट आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

पत्र्याचं काम करणारा येऊन गेला. गाडीभोवती फिरला, दोन ठिकाणी बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, झालंच समजा." मग चहा प्यायला, बिस्किटं संपवली आणि परत म्हणाला, "झालंच समजा." मग गेला. झालं काहीच नाही. आम्ही त्याचं नावच 'झालंच' ठेवलंय.

१७ फेब्रुवारी, रविवार

पुढचं काळं रबर उतरवलं. मला वाटलं होतं चार बोल्ट काढले की सुटका. कसलं काय! रबराच्या मागे कंपनीने पत्रा अर्धवटच सोडलाय. कशाला पुरा करतील, दिसतोय कुणाला! आता खालचा पत्रा नवा जोडायचा. इंडिकेटर रबरातच होते, त्यांना हेडलाइटखाली जागा करायची.

ते काळं धूड मी भंगारात देणार होते. नवऱ्याने घट्ट धरून ठेवलं. "टाकायचं नाही!" त्याला टाकायचं म्हटलं की जिवावर येतं – खोकी, दोऱ्या, झिजलेले ब्रश, सगळं साठवलंय. लावलं नेऊन गॅरेजच्या आतल्या भिंतीवर. स्क्रूने आवळून. "आता गाडी आत घेताना भिंतीला लागली तरी ओरखडा नाही."

भिंतीला नाक फुटल्यासारखं दिसतंय. पण हा इतका खूश आहे की बोलवत नाही.

२० फेब्रुवारी

आईला सांगितलंय की ह्याच्या मित्राची गाडी दुरुस्तीला आलीय. तिच्या खोलीची खिडकी गॅरेजकडे नाही, पण कान आहेत ना! आज इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आम्ही दोघं नाचलो. घरात आलो तर आई टीव्हीवरची नजर न हलवता – "जावईबापू, एक सिलिंडर मारत नाहीये. प्लग बघा."

बघितला. तोच होता!

३ मार्च, रविवार

'झालंच' आला. खरंच आला! आणि हात असा चालतो त्याचा की सगळं माफ. पण हेडलाइटखालचा उंचवटा केवढा घ्यायचा ते काही जमेना. शेवटी मी लॅबमधलं गुलाबी मेण आणलं, फोटोचा मोठा प्रिंट समोर लटकवला आणि गाडीवरच आकार घडवला. कवळीसारखाच. तो बघत राहिला. "ताई, हे दाताचं मेण?" हो. "मग हिला ब्रश रोज करावा लागेल का?"

हसून हसून मेण हातातून पडलं.

९ मार्च

लायसन्स. आज आईच्या कपाटात औषधं ठेवताना दिसलं. तिने मागल्या वर्षी, पडायच्या आधी, नवं करून घेतलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, आता कशाला गं? "असू दे," म्हणाली होती. आज ते उशांच्या अभ्र्यांखाली पडलंय. फार वाईट वाटलं.

१७ मार्च, रविवार

स्प्रिंगा बदलल्या. गाडी बसकी झाली! तारांची चाकं लागली. मागचं रबरही गेलं. ते मात्र नवऱ्याने माळ्यावर चढवलं, भिंत उरली नाही म्हणून.

३१ मार्च, रविवार

ह्याच्याशी भांडण. तो म्हणाला, "आईंना एकदा विचारून तर घे, नक्की कशी होती." म्हटलं, मग आश्चर्य कसलं उरलं? "आश्चर्य त्यांच्यासाठी आहे की तुझ्यासाठी?"

मी पाना आपटून आत आले. दोन तासांनी तो कॉफी घेऊन आला. शेजारी बसला. मग मीच बोलले. म्हटलं, माझ्यामुळे गेली ना तिची गाडी. लहानपणापासून तो फोटो बघताना हेच वाटतं – ही किती हसतेय, आणि मी अजून आलेली नाही. म्हणून हसतेय.

तो म्हणाला, "वेडी आहेस." आणि माझ्या हाताला लागलेलं ग्रीस आपल्या शर्टाला पुसलं. चांगल्या शर्टाला! ह्या माणसावर रागावून तरी कसं राहायचं?

१४ एप्रिल, रविवार

रंग वाळला. चकचकीत जाळी बसली, चकचकीत बंपर बसला. फोटो हातात धरून एक डोळा मिटून बघितलं. तीच! अगदी तीच! शेजारच्या जुन्या दातालाही कळणार नाही.

२० एप्रिल, शनिवार

आज लिहिलंच पाहिजे.

सकाळी आईला म्हटलं, गॅरेजपर्यंत चल. "कशाला?" चल ना. "बाहेर काय ठे–" ठेवलंय काहीतरी, चल! काठी घेऊन निघाली. उंबरा ओलांडला. मी मागोमाग. नवरा आधीच दार उघडून उभा, कलप लावून, वर इस्त्रीचा शर्ट.

आईने गाडी बघितली. भोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात फिरवला. मग पुढे वाकून बंपर बघितला आणि म्हणाली, "हिचं काळं नाक कुठं गेलं?"

मी म्हटलं, काळं नाक नंतरच्या गाड्यांना असतं. तुझ्या गाडीला कुठे होतं? हा बघ फोटो!

"ही माझी गाडी नव्हे गं. ही समोरच्या घरातल्या त्या खडूस माणसाची. मी टेकले नुसती. तुझे बाबा फोटो काढत होते आणि तो खिडकीतून ओरडत होता – रंग जाईल, रंग जाईल! म्हणून तर एवढी हसतेय." आणि तशीच हसली. डोळे मिटून.

मग तुझी? "माझी काळ्या नाकाची. मला गाडी नीट लावता कुठे येत होती! भिंतीला नाक टेकलं की समजायचं, आली घरात. रबर होतं म्हणून तर घेतली."

म्हणजे मी अडीच महिने घासून-ठोकून आईची गाडी त्या खडूस माणसाची करून ठेवली! नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते मेल्याचे.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? "तुझे बाबा इतक्या थाटात सांगायचे, हिची गाडी, हिची गाडी. त्यांना ती जास्त देखणी वाटायची. मी कशाला मोडता घालू?"

मग ते विचारलं, जे कधीच विचारलं नव्हतं. मी झाले म्हणून विकलीस ना?

आई म्हणाली, "तू झाल्यावर चांगली चार वर्षं होती की! तुला दात येत होते तेव्हा तू जाऊन त्या बंपरलाच चावायचीस. तुझे बाबा ओढून काढायचे, तू परत जायचीस. पहिल्या दाताची खूण होती त्यावर." मग विकली का? "मोठी घ्यायची होती. सामान मावेना. एवढंच."

एवढंच!

मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून रडले. आईने काठीचं टोक माझ्या गुडघ्याला लावलं. "ऊठ. नवी साडी आहे."

म्हटलं, रबर परत बसवून देते, दोन्ही आहेत. ती म्हणाली, "काही नको. एवढी खपलीस. आणि ते तिकडे भिंतीला लावलंय तेच बरं. तिथे टेकवता येईल."

मग स्टिअरिंगमागे बसली. थोडा वेळ. किल्ली लावली नाही. आत आली, चहा घेतला आणि टीव्ही लावला. आम्ही दोघंच गाडी फिरवून आलो. गाडी छान पळते. पण मन नव्हतं माझं.

२२ एप्रिल

आई घरातच. मी आता काही म्हणणार नाही. फोटो हॉलमध्ये तसाच आहे. येताजाता बघते, आता मलाही हसू येतं.

२५ एप्रिल

आईने विचारलं, गॅरेजची किल्ली कुठे असते. म्हटलं, दाराशी, खिळ्याला. "बरं," म्हणाली.

२८ एप्रिल, रविवार

उठले तर गॅरेज सताड उघडं. गाडी नाही. आईची काठी भिंतीवरच्या काळ्या बंपरला टेकवून ठेवलेली. नवरा चप्पल शोधतोय, शोधायला जाऊ का म्हणतो.

म्हटलं, खबरदार!