व्हाइस उजवीकडे

इब्रामपूर, शनिवार, संध्याकाळ

लाकूड आवळून धरणारा नवा व्हाइस आज बसवला. बाबांच्याच जुन्या बाकड्याला, पण उजवीकडे. बोल्टांची भोकं पाडता पाडता माझे दंड भरून आले. बाबा खालून वजन पेलून होते.

"उजवीकडे कित्याक?"

"मी डावरो न्हय, बाबा?"

जुना डावीकडे होता, त्यांच्या उजव्या हाताला सोयीचा. तीस वर्षं मी तिथेच कंबर वाकडी करून रंधा मारला. आज सरळ उभं राहून एक फळी तासली. एवढंच हवं होतं का मला?

बाबा बघत राहिले. "मगे इतकी वर्सां सांगलंस नाय कित्याक?"

सांगितलं होतं, पंधराव्या वर्षी. तेव्हा कानाखाली बसली होती. आज ते उकरून काढायचंही त्राण नव्हतं.

"ऱ्हवान गेलां," म्हटलं आणि भुसा झाडायला लागलो.