पोरीचं नाव हाजिराच

श्रीवर्धन,
१२ जानेवारी २०२५

प्रिय भाई,

अस्सलामु अलैकुम. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर सुरू होतं, म्हणून लिहायला बसले. निदान इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

इकडे सगळं बरं आहे. अब्बांचा गुडघा थंडीने धरलाय, तरी पाची वेळा मशिदीत चालत जातात, ऐकत नाहीत. वहिनीने पाठवलेली दुपटी पोचली, तिला सांग. मी पुन्हा सुपारी सोलायला जाऊ लागलेय. बाळाची झोळी तिथेच पडवीत बांधते. नाक मुरडू नकोस, कष्टाचं खाते. तुझ्या भाचीने छान बाळसं धरलंय आणि आवाज तर असा, की शेजारी सोलायला बसणाऱ्या वेणूबाई म्हणतात, "ही पोर बोटीवरची तांडेल व्हनार बघ!"

आता मुद्द्याचं. म्हसळ्याला माझ्या सासूबाईंना तू शब्द दिलास म्हणे, की पोरीचं नाव त्यांच्या मनासारखं सकीना ठेवू, साबिरा येऊन माफी मागेल, मग तुम्ही तिला घरात घ्या. शब्द तुझा, पोरगी माझी आणि माफीही मीच मागायची. वा भाई!

परवा पोरीच्या नावाचा अकीका उरकला. बकरा कापताना मौलवी साहेबांनी पोरीचं नाव विचारलं. अब्बा तुझ्या धाकाने घुटमळले, तेव्हा मीच दारामागून मोठ्याने सांगितलं, हाजिरा. त्याच नावाने बकरा कापला, मटण मोहल्ल्यात वाटून झालं. आता काय करशील ते कर.

सासूबाईंचा लगेच फोन. "टाकलेल्या बाईचं नाव ठेवलंस? नावाचा असर पोरीवर पडतो." पडू दे. पडावा म्हणूनच ठेवलंय.

मला जन्मभर माझ्या नावाचा अर्थ ऐकवलात. साबिरा म्हणजे सब्र करणारी, तेव्हा कोणी काही बोललं तरी गिळ. पण सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हे कुठे सांगितलंय? नवऱ्याने उजाड दरीत सोडल्यावर बाळ तहानेने रडत होतं, तेव्हा हाजिराबीबी बसून राहिल्या नाहीत. सफाच्या टेकडीवरून मरवाच्या टेकडीकडे, मरवावरून सफाकडे पाणी शोधत धावल्या. अल्लाहवर भरवसा होता आणि पायही चालू होते. सब्र म्हणतात ते त्याला. जमजमचा झरा नंतर फुटला. तू तर गेल्या साली हज करून आलास. तिथे त्याच टेकड्यांच्या वाटेवर हिरव्या दिव्यांच्या मध्ये पुरुषांनी धावायचं असतं, हे तूच कौतुकाने सांगत होतास. कोणाच्या पावलांवर धावलास, भाई? सासूबाई जिला टाकलेली म्हणतात, तिच्याच ना?

वेणूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नाव झ्याक हाय. धावनारी आईच पोर जगवते."

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नाही. मी भांडून माहेरी आले, असं सासूबाई म्हणाल्या आणि तू मानलंस. मला विचारलंही नाहीस. तुझा मेहुणा अशफाक कुवेतला निघाला, त्या सकाळी मी त्याला एवढंच विचारलं होतं, "तिकडे तुमचं दुसरं घर आहे का?" त्याने सरळ गाडी काढली, सातव्या महिन्याच्या पोटाने मला एसटी स्टँडवर उतरवलं आणि म्हणाला, "जा, बापाला विचार." त्यानंतर त्याचा फोन नाही. पोरगी झाली, तरी नाही. फार लागलं रे मला ते. अजून लागतं.

हाजिराबीबींनीही सोडून निघालेल्या नवऱ्याला विचारलं होतं, हा अल्लाहचा हुकूम आहे का? हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही. मला स्टँडवर सोडलं ते अशफाकच्या मर्जीने. त्यात अल्लाहचं नाव कोणी घेऊ नये, तूही नाही.

शुक्रवारी गाडी घेऊन येणार आहेस, असं वहिनी म्हणाली. मला म्हसळ्याला पोचवायला येत असशील तर डिझेल वाचव, मी गाडीत बसणार नाही. मामा म्हणून येत असशील तर ये, घर तुझंच आहे. मात्र उंबऱ्यावर उभा राहून आधी तिला नावाने हाक मार, अब्बांना आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. तोवर मी तुला पाणीसुद्धा विचारणार नाही.

अल्लाह तुला सलामत ठेवो.

तुझी बहीण,
हाजिराची आई,
साबिरा