सिंकची जागा

४ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. आपल्या घरात पत्र लिहिणं हे तुझ्या ताईचं काम होतं. मी खाली एक ओळ आणि सही करायचो. आता सगळा कागद मलाच भरायचा आहे.

स्वयंपाकघराचं काम पुढच्या महिन्यात काढावं म्हणतो. ताई गेल्यावर ते रद्दच करणार होतो, पण आराखडा आम्ही दोघांनी मिळून केला होता. ओटा, फळ्या, डब्यांचं कपाट, सगळं तिने ठरवलं आणि मी काढलं. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे रेघ अजून सरळ येते. एकच गोष्ट राहिली. सिंक कुठे, असं विचारलं की ती म्हणायची, ते मी सांगेन, घाई काय आहे. मग दवाखाना सुरू झाला आणि ते राहिलं ते राहिलंच. कागदावर तेवढी जागा मोकळी आहे. गवंडी रोज विचारतो.

तुझ्यापाशी ती याबद्दल काही बोलली होती का? तिने ठरवलं असेल तिथेच बसवायचं आहे. माझ्या मनाने ही एक गोष्ट करायची नाही.

साडूंना नमस्कार. लोभ आहे, तो आटू देऊ नये.

तुझे,
भाऊजी


११ जानेवारी

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

तुमचं अख्खं एक पान आलं. यांना दाखवलं तर म्हणाले, कपाटात कुलपाखाली ठेव, पुन्हा मिळायचं नाही.

ताई मला बोलली होती ना. मागच्या उन्हाळ्यात इकडे आली, तेव्हा माझ्या अंधाऱ्या सिंकपाशी उभी राहून म्हणाली की भांडी घासताना बाईला निदान आभाळ तरी दिसावं. मी आपली सिंक खिडकीखालीच घेणार, असंही म्हणाली. तेव्हा खिडकीखाली बसवा आणि गवंड्याला मोकळं करा. ठकूलाही मी तसं कळवून टाकलं आहे.

आणि तुम्ही जेवता ना नीट? ठकू म्हणते, बाबांनी डबा लावला नाही, स्वतःच करतात. तुमच्या हातचं खाऊन तुम्ही अजून उभे आहात ही ताईचीच पुण्याई.

आमच्यावरची माया अशीच राहावी.

तुमची,
छोटी


१५ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न.

मावशीचं पत्र आलं. बाबा, खिडकीखाली नाही. आईने मला दाराजवळ सांगितलं होतं. पिल्लू सुट्टीत येईल, व्हरांड्यात खेळेल, तेव्हा भांडी विसळता विसळता तिच्यावर नजर राहील म्हणून. मला स्पष्ट आठवतं, आणि मावशीपेक्षा माझी आठवण बरी आहे हे तुम्हीही मान्य कराल.

पण खरं विचाराल तर एवढी तोडफोड कशासाठी? एकट्यासाठी किती मोठं स्वयंपाकघर लागतं? इकडे आमच्याकडे या. पिल्लूचे बाबाही हेच म्हणतात. मागची खोली रिकामीच आहे. तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून प्रत्येक पत्रात लिहिते. पुढच्यातही लिहीन.

तब्येत जपा आणि रागावू नका.

तुमची,
ठकू


२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या खोलीचं नंतर बघू. आधी हे वाच.

आईने मलाही एक जागा सांगितली होती. तुमच्या पाइपांना सोपं पडेल तिथे, असं एकदा म्हणाली होती. म्हणजे आहे तिथेच. मी ते गमतीत घेतलं होतं. आता बघ, मावशीला आभाळ, तुला पिल्लू आणि मला पाइप. ज्याला जे आवडेल ते त्याला सांगितलं. तिला स्वतःला काय हवं होतं ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, असं दोन आठवडे वाटत होतं.

मागच्या आठवड्यात खोली रिकामी केली. ओटा काढला, कपाट काढलं. खोली इतकी मोठी दिसली की मी दारातच थांबलो. जमिनीवरचं लिनोलियम गुंडाळून टाकून द्यायचं होतं, पण चांगलं आहे, कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून अंगणात पसरून धुतलं. ऊन तिरपं होतं. ओलं लिनोलियम चमकायला लागलं आणि त्यात बारीक खळगे दिसले. चार-चारचे. आपल्या उंच लोखंडी स्टुलाच्या पायांचे.

तुला माहीत नसेल, पण दवाखान्याच्या आधीचे काही महिने आई मधूनच त्या स्टुलावर पाण्याचा टब ठेवून भांडी विसळायची. कधी इथे, कधी तिथे. मला वाटायचं, सिंक तुंबलं. मग मी काही न बोलता सिंकखालचा पाइप उघडून साफ करायचो आणि ती काही न बोलता टॉर्च धरायची. पाइपात कधीच काही सापडलं नाही. मी वेळेवर साफ करतो म्हणून सापडत नाही, असा माझा समज होता.

खिडकीखाली येणाऱ्या भागात चार खळगे होते, पुसट. दाराशी चार, तेही पुसट. आणि जेवणाच्या टेबलासमोर, भिंतीपासून चांगलं पुढे, खळग्यांवर खळगे. तिथे लिनोलियम दबून पातळ झालं होतं. तिथे उभं राहिलं तर पाठ भिंतीकडे येते आणि तोंड टेबलाकडे. मोजायला टेप आणला होता, तो तसाच खाली ठेवला.

ठकू, मी आयुष्यभर जमिनीखालचं शोधलं. वर गवत जास्त हिरवं दिसलं की खाली नळ गळतो हे ओळखायचो. डोंगर फोडून आणलेलं पाणी पहिल्यांदा बोगद्यातून बाहेर आलं तेव्हा मी काठावर उभा होतो. पण अंगणात जे वाटलं ते तेव्हाही वाटलं नव्हतं. एक माणूस माझ्यासमोर भरलेला टब घेऊन जागा बदलत होतं, घर पारखत होतं, आणि मी पाइप साफ करत होतो. ऊन उतरेपर्यंत मी तिथून हललो नाही. लिनोलियमवर पाय ठेवायचं धाडस झालं नाही.

मग आठवलं. ती टेबलासमोर टब मांडायची तेव्हा मी टेबलाशी मटार सोलत नाहीतर पेपर वाचत असायचो. एकदा तिने विचारलं, हे पाणी आपल्या नळापर्यंत येतं तरी कसं. मी सांगत सुटलो. धरण, बोगदा, टाक्या, झडपा, कोणती झडप कोण फिरवतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका दमात इतकं मी कधी बोललो नव्हतो. एरवी ती ओट्याशी असायची आणि माझ्याकडे तिची पाठ. पाठीशी माणूस काय बोलणार?

आता पेच असा की तिथे पाइपाला उतार मिळत नाही. आणि ती जागा समोर कोणी बसलं असेल तरच कामाची. आता धुणारा मी आणि समोर खुर्ची. तुला काय वाटतं ते कळव.

पिल्लूला पापा. आठवण ठेवावी.

तुझे,
बाबा


९ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

ठकूने तुमचं पत्र मला पाठवलं. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं, पण पुरं करता आलं नाही. उरलेलं यांनी वाचलं.

ताई लबाड होती, लहानपणापासून. पण भाऊजी, माझं ऐका, तिथे नका बसवू. रोज रिकाम्या खुर्चीकडे बघत भांडी घासणार? माणूस खचतो अशाने. ठकूलाही असंच वाटतं, फक्त ती तुम्हाला घाबरते. खिडकीखाली बसवा. ताई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण ताई काय सांगेल याची मला आता खात्री राहिलेली नाही.

काही कमी-जास्त बोलले असेन तर धाकटी म्हणून पोटात घाला.

तुमची,
छोटी


१ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. स्टूल आणि टब घेऊन मीही सगळीकडे भांडी विसळून पाहिली. खिडकीखाली बरं वाटतं. आभाळ दिसतं, काम पटकन होतं, आणि झालं की झालं. टेबलासमोर वेळ लागतो. खुर्चीची भीती मलाही वाटते. पण तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो तेव्हा ती जास्त वाटली.

प्लंबरने मला बजावलं की साहेब, पाणी चढावर जात नाही. मी त्याला सांगितलं की एवढ्याच माहितीवर मला पेन्शन मिळते. शेवटी तिथली जमीन एका पायरीएवढी उचलली आणि पाइप तिच्या पोटातून नेला. तोडफोड बरीच झाली. ही जागा तिने मला का सांगितली नाही, ते तेव्हा कळलं. माझ्या कामाचा तिला फार आदर होता. तो थोडा कमी असता तर बरं झालं असतं.

काल सिंक भरून बूच काढलं. पाणी गोल फिरलं, आत गेलं आणि माझ्या पायांखालून निघालं. तळव्यांना बारीक थरथर जाणवली. अख्ख्या गावाचं पाणी मी कागदावर इकडून तिकडे नेलं आहे, पण ते असं पायाखालून जाताना कधी कळलं नव्हतं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. प्लंबरला वाटलं, मी गळती तपासतो आहे. मी तसं वाटू दिलं.

आराखड्यातली जागा शाईने भरली.

साडूंना घेऊन ये. ओढ आहे, हे लिहायला हवं असं आता वाटतं.

तुझे,
भाऊजी


२० एप्रिल

प्रिय मावशीला,
सा. न.

मी आणि पिल्लू आठ दिवस बाबांकडे राहून आलो. तू विचारलं होतंस म्हणून सगळं लिहिते.

स्वयंपाकघर लखलखीत आहे. नव्या पायरीला मी दोनदा अडखळले. बाबा म्हणाले की पिल्लू एकदाही अडखळलं नाही. आगाऊपणा करायचा नाही असं ठरवून मी गेले होते, तरी मागच्या खोलीचं बोलणं मनात तयार होतं. बाबांना घेऊनच यायचं, असं यांना सांगून निघाले होते.

शेवटच्या दिवशी जेवण झालं, पिल्लू व्हरांड्यात खेळायला गेलं आणि मी भांडी उचलायला उठले. बाबांनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायरी चढून सिंकपाशी गेले. बाह्या वर केल्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. मावशी, इतक्या वर्षांत मी बाबांचा चेहरा असा समोरून, इतका वेळ पाहिला नव्हता. ते कायम कशावर तरी वाकलेले असायचे.

आणि मग मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. दवाखान्यात शेवटी आई काय बोलायची. ती गेल्यापासून हा विषय आमच्यात निघाला नव्हता.

बाबांनी पुढचं ताट घेतलं. मग बोलायला लागले. आई रात्री काय मागायची, कशावरून हसायची, नर्सला काय नाव ठेवलं होतं, कोणत्या दिवशी घाबरली आणि तेव्हा बाबांनी काय केलं. अगं, सगळं. मी हूं-हूं करायलाही विसरले. मला वाटत होतं की आपल्याकडे आईची जेवढी आठवण आहे तेवढीच उरली आहे. बाबांकडे केवढी तरी होती, आणि ती अशी आपणहून बाहेर येत होती.

मागच्या खोलीचं मी काढलंच नाही. यांना काय सांगायचं ते गाडीत ठरवलं.

भांडी केव्हाच संपली होती. बाबा एकच कप पुन्हा पुन्हा धूत होते. थेंबथेंब गळणाऱ्या नळासाठी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन येणारा माणूस तो, आणि नळ पूर्ण सोडलेला होता. बंद केला तर बोलणं थांबेल असं त्यांना वाटत असावं. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी खुर्चीतून उठले नाही.

काकांना नमस्कार. मला तुझी म्हणत राहा.

तुझी,
ठकू