एकाच सुरात घुमणारा लॅपटॉप

प्रिय दाफिना,

रोज फोनवर दिसणारा हा म्हातारा एकाएकी पत्र लिहायला का बसला, असं तुला वाटेल. तर फोन असतो स्वयंपाकघरात आणि तुझी आई त्याच्यासमोरून हलत नाही. मी काही विचारायला गेलो की 'त्याचं ऐकू नकोस, त्याला काय कळतंय' म्हणून माझ्या हातातून फोन काढून घेते. म्हणून हे पाकीट तुझ्या इटलीकडे जाणारी बस चालवणाऱ्या पिरोकडे देतोय. त्यानं आणि मी एकाच घाटात उभा जन्म गाड्या हाकल्या. तो ते फोडणार नाही, आणि फोडलं तरी माझं अक्षर त्याला लागायचं नाही.

विचारायचंय ते लॅपटॉपबद्दल. हसू नकोस. तू दिवसभर लोकांची गाणी मशीनमध्ये भरतेस, कापतेस, जोडतेस, तेव्हा घरातली जाणकार तूच. मी आयुष्यात इंजिन सोडून दुसरं मशीन उघडलेलं नाही, आणि आता गाठ अशा मशीनशी पडलीय की त्याचं बॉनेट कुठे असतं तेच सापडत नाही. आईला मढ्यापुढे गायचे तिचे विलाप भरून ठेवायचे आहेत, हे तुला ठाऊक आहे. तिरानाच्या संशोधकांना हवेत, असं ती तुला म्हणाली. तिला ते या उन्हाळ्यातच उरकायचंय, आणि ते काही केल्या होत नाहीये. सगळी खोट मी आणलेल्या लॅपटॉपमध्ये आहे असं तिचं म्हणणं, आणि तिच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

पहिल्यांदा पर्मेत शहरात आर्दितच्या दुकानात गेलो, फोन दुरुस्त करतो तोच. त्यानं विचारलं, 'काका, गाणारे किती?' म्हटलं, एक. 'आवाज किती भरायचे?' म्हटलं, तीन. 'मग गाणारे तीन झाले ना?' म्हटलं, नाही बाबा, बाई एकच आहे. मी सकाळीसकाळीच राकी ढोसून आलोय अशा नजरेनं तो बघायला लागला. मग मला सगळं सांगत बसावं लागलं, की विलाप हे एकट्या बाईचं काम नाही. एक जण ओळ उचलते, दुसरी ती झेलते आणि बाकीच्या मागे इसो धरतात, तो एकच सूर, शेवटपर्यंत न सोडता. आता झेलणारी पोलिक्सेनी मुलाकडे अथेन्सला गेली आणि इसो धरणाऱ्या साऱ्या जणी चर्चमागे सुरूच्या झाडांखाली निजल्या. उरली एकटी आमची ही, वासिलो. तेव्हा तिन्ही आवाज तिनंच द्यायचे, एकावर एक चढवून. आर्दितनं हातातला उघडा फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, 'माझी आजी गेली तेव्हा वासिलोकाकूच आल्या होत्या.' आणि त्यानं कपाटातून एक जुना पण दणकट लॅपटॉप काढून दिला, बरोबर माइक, हेडफोन आणि आवाज आत नेणारी एक छोटी डबी.

मग प्रश्न आला, गायचं कुठे? मढं नसताना घरात विलाप केला की मरणाला घर ठाऊक होतं. लहानपणी तू बाहुलीला आडवं घालून आईसारखं रडून दाखवलंस, तेव्हा बसलेला फटका तुझ्या लक्षात असेल. शेवटी माझी जुनी व्हॅन कामाला आली. गाडीचं छत म्हणजे काही घराचं छत नव्हे, असा तिनंच निकाल दिला. मी सीटांवर घोंगड्या टाकल्या, खिडकीतून वायर ओढली. ती दार लावून आत बसते आणि मी अंजिराखाली खुर्ची टाकून. बायका विलाप करत असताना पुरुषानं अंगणात बसायचं, सिगरेट ओढायची, आल्यागेल्याचा हात हातात घ्यायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगणात बसलो, आता आपल्याच अंगणात बसतो. फरक एवढाच, की हात द्यायला कोणी येत नाही.

पहिल्याच दिवशी ती हेडफोन उपटून बाहेर आली. 'आत कोणीतरी माझी नक्कल करतंय,' म्हणाली. तिचाच आवाज तिच्या कानात उशिरा पोचत होता. आर्दितनं येऊन ते नीट केलं. मग त्यानं पंख्याकडे बोट दाखवलं. लॅपटॉप तापला की आतला पंखा घुमायला लागतो आणि ती घरघर सगळी गाण्यात उतरते. म्हणून मी परत पर्मेत गाठलं आणि नवा, पातळ, पंखाच नसलेला लॅपटॉप आणला. वाटलं, सुटलो. तिनं एक ओळ उचलली आणि थांबली. बराच वेळ काही ऐकू येईना तेव्हा मी काचेवर टकटक केली. 'हा मुका आहे,' म्हणाली. 'परत नेऊन दे. तो जुनाच बरा होता, निदान मागे कोणीतरी होतं.'

कळलं का तुला, पोरी? ती त्या पंख्याला इसो धरून गात होती. ज्या घरघरीला तुमच्या धंद्यातले लोक शिव्या घालतात, तिच्यावर ही बया टेकून बसली होती. आर्दित म्हणाला, 'काकू, मशीनच तो सूर देईल, बटण दाबा आणि हवा तेवढा वेळ गा.' तेही करून पाहिलं. 'हा श्वासच घेत नाही,' म्हणाली, 'पंखा निदान तापतो, दमतो.' शेवटी मी म्हटलं, मीच धरतो सूर, इतकी वर्षं बाहेरून ऐकलाय. तर म्हणते, 'या वयात बाई व्हायचंय का तुला? गप अंगणात बस.' ती हसली, मीही हसलो. मग घरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

जुना लॅपटॉप पुन्हा घरी आला. पण त्याचा पंखा एका सुरावर राहत नाही. तापत जाईल तसा चढत जातो, आणि आईही त्याच्यामागे चढत जाते, भरलेली गाडी घाटात चढावी तशी, आणि वरच्या वळणावर तिचा आवाज फाटतो. दुसरा आवाज भरायला बसावं तर पंखा थंड होऊन खाली आलेला असतो, मग तो पहिल्याशी जुळत नाही. ती सगळं पुसून टाकते आणि पहिल्यापासून सुरू करते. आधी दिवसातून दोनतीनदा बसायची, आता एकदाच बसवतं. तर माझं विचारणं एवढंच आहे, की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात घुमेल असा पंख्याचा लॅपटॉप कुठे मिळतो का? तुमच्याकडे मोठी दुकानं आहेत. आर्दित म्हणतो, असला लॅपटॉप मागणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलेलं नाही.

बाकी इकडे ठीक. व्योसा नदी आटलीय, दगड उघडे पडलेत. शेळ्या विकून टाकल्या. यंदा आईनं कच्च्या अक्रोडांचा मुरंबा घातला नाही. सोलताना हात काळे होतात म्हणे, जसं काही हे तिला यंदाच कळलं. परवा तू फोनवर म्हणालीस की आईला तो डोक्याचा रुमाल शोभून दिसतो. दिवसभर खुशीत होती. तुझा फोन यायच्या आधी ती गालांना लाली लावते आणि मी तिच्या पाठीशी उशा रचून देतो, त्या तुला दिसत नाहीत. गाडीपर्यंत आता मीच तिला धरून नेतो.

तिरानाचे संशोधक वगैरे कोणी नाहीत, दाफिना. वसंतात आम्ही तिरानाला मावशीकडे गेलो असं तुला सांगितलं, ते इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरांनी कागद मिटून ठेवले आणि म्हणाले, घरी न्या, त्यांना आवडेल ते करू द्या. तू नवी नोकरी टाकून धावत येशील म्हणून तिनं मला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की तुला फोनवर यातलं अवाक्षर काढणार नाही. फोनवर मी काढलेलं नाही. ती भरतेय तो विलाप तिचा स्वतःचा आहे. तिच्यासाठी ओळ उचलणारी गावात कोणी उरली नाही, म्हणून स्वतःचं रडणं ती स्वतःच उरकून ठेवतेय. मी ते बाहेर बसून ऐकतो आणि माझ्याच्यानं काही होत नाही, मला फक्त लॅपटॉप बदलून आणता येतो. काल ती उशाशी कोण कोण आलं ते गात होती. 'दाफिना समुद्र ओलांडून आली, माझ्या डोक्याशी बसली, तिनं माझा सूर धरला.' मेलेल्या माणसापुढे खोटं गायचं नाही हा तिचा नियम आहे, त्यापायी तिनं भल्याभल्या बायकांना मढ्याजवळून उठवलंय. जन्मात ही एक ओळ ती खोटी गायली, आणि तेवढ्या ओळीला तिचा आवाज फाटला नाही. लॅपटॉपचं राहू दे. ती ऐकू शकतेय तोवर तू ये.

अंगणातल्या खुर्चीवरून,
तुझाच
बाबा