काउंटरपुरती जर्मन

ता. ३ मार्च

तीर्थरूप दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

ह्यांच्या तब्येतीत फरक नाही. उजवा हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. बोललेलं किती कळतं, तेही समजत नाही. आमची सगळी बचत ह्यांच्या एकट्याच्या नावावर. ती हाती आली की तिकिटं काढून ह्यांना थेट तुझ्याकडे घेऊन यायचं, एवढंच डोक्यात आहे. माझ्या शिवणाच्या पगारात भाडंच जेमतेम निघतं.

म्हणून संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. कोन्टो म्हणजे खातं, श्पारेन म्हणजे बचत करणं, आपहेबन म्हणजे पैसे काढणं. मशीनवर बसून घोकत असते, गिऱ्हाइकांना मी वेडी वाटत असणार. काल बँकेत एक अख्खं वाक्य न अडखळता म्हटलं. काउंटरवरची बाई खूश झाली आणि जी बोलत सुटली, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. मान डोलावून परत आले. रस्त्यातच रडू फुटलं.

तू जन्मभर बँकेत कॅशियर होतास, काहीतरी सुचव. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

ता. १७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, तू गिऱ्हाइकाची वाक्यं पाठ करून गेलीस. कॅशियर काय विचारणार, ते कोण शिकणार? काचेमागे बसून मी वर्षानुवर्षं तेच ते बोललो. खातं कुणाचं? तुम्ही त्यांच्या कोण? ओळखपत्र आणलंय? खातेदार स्वतः येतील का? मुखत्यारपत्र आहे का? तुझ्या वर्गाच्या बाईंकडून हे सगळं जर्मनमध्ये करून घे आणि कानाला सवय लाव.

तिथले नियम मला ठाऊक नाहीत, तिथली भाषा येत नाही. इथे असतीस तर तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो. तुझ्या वहिनीने मागची खोली रिकामी केली आहे. तुम्ही कधी येणार म्हणून रोज विचारते आणि मी उगाच तिच्यावर खेकसतो.

जपून राहा. माया आहे ती तशीच राहील.

तुझा,
दादा

ता. ९ एप्रिल

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

काल बँकेत गेले होते. बाईने अगदी तुझ्याच क्रमाने विचारलं, मला हसूच आलं. मी धडाधड उत्तरं दिली. मग तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सावकाश समजावून सांगितलं. मुखत्यारपत्र ह्यांनीच द्यायला हवं. सही जमत नसेल तर ती आमच्या घरी यायला तयार आहे, पण संमती ह्यांच्याकडूनच कळायला हवी. तेही होत नसेल तर कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाला किती महिने लागतील, ते तिलाही सांगता येईना. बाई भली आहे रे, तिच्यावर चिडायचीसुद्धा सोय नाही.

आज कोर्टात अर्ज दिला. काल घरी येऊन ह्यांना विचारून पाहिलं, पैसे काढू ना म्हणून. हे माझ्याकडे बघून हसले, आणि मग भिंतीकडे बघूनही तसेच हसले.

मागच्या खेपेला काही कळलं नव्हतं, तेव्हा वाटायचं की नुसतं भाषेवाचून अडलंय, शिकले की झालं. काल मला सगळं कळलं, दादा. शब्दन् शब्द कळला.

आता कुठलं वाक्य पाठ करू, ते कळव. लोभ असू दे.

तुझी,
चिमणी